अंगणातली पफ पॅनेलची खोली : पत्रा उत्तम, गळती कडांना

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरचे बंगले असोत, वाशी-नेरूळची रो-हाऊस असोत की खारघरमधली बागेची मोकळी पट्टी, घराबाहेर एक सुटी खोली हवी म्हटलं की आता विटांचं नाव शेवटी निघतं. आधी निघतं ते पफ पॅनेलचं. घरून काम, मुलांची शिकवणी, तबल्याचा रियाज, शिवणकाम, कारण काहीही असो. जोतं तयार असलं की पंधरा दिवसांत खोली उभी राहते, रेती-विटांचा ढीग पडत नाही, आणि मे महिन्यात आत बसवतं. विक्रेता एवढं सांगतो आणि त्यात खोटं काही नाही. जे सांगत नाही ते जूनमध्ये कळतं.

निकाल आधीच देऊन टाकतो. भिंत आणि छत म्हणून ५० मिमी जाडीच्या पफ पॅनेलला दहापैकी आठ गुण. आपल्याकडे ते ज्या रीतीनं बसवून देतात, तिला जेमतेम पाच. मधले तीन गुण कुठे जातात, हाच या लेखाचा विषय.

पॅनेल म्हणजे दोन रंगीत पत्रे आणि मधे पॉलियुरेथेनचा कडक फोम. पत्रा साधारण ०.५ मिमीचा, फोमची घनता घनमीटरला ४० किलोच्या आसपास, आणि एका पॅनेलची झाकणारी रुंदी बहुतेक ठिकाणी १ मीटर. चौरस मीटरला वजन जेमतेम १० किलो. साडेचार इंची विटेची भिंत दोन्ही बाजूंनी प्लास्टर केली की तीच अडीचशे किलोच्या घरात जाते. उष्णता अडवण्यात मात्र हे दहा किलो त्या अडीचशेंना सहज मागे टाकतात. ५० मिमी पॅनेलचा यू-व्हॅल्यू (उष्णता किती आरपार जाते त्याचा आकडा, कमी तितका चांगला) ०.४ च्या आसपास येतो आणि साडेचार इंची भिंतीचा अडीच ते तीन. म्हणजे विटेतून सहा-सात पट जास्त ऊन आत शिरतं.

जाडीचा प्रश्न सगळे विचारतात. ३० मिमी पॅनेलचा यू-व्हॅल्यू ०.६५, ५० चा ०.४१, ८० चा ०.२६. तीसवरून पन्नासवर जाणं पैसा वसूल आहे. पन्नासवरून ऐंशीवर गेल्यानं ३ बाय ४ मीटरच्या खोलीत दुपारी शंभर वॅटच्या आगेमागे उष्णता वाचते, आणि तेवढी तर पश्चिमेची एक खिडकी पडदा न लावता उघडी ठेवली तरी पाच-सहा पटीनं परत येते. भिंतींना ५० घ्या, छताला हौस असेल तर ६०. त्यापुढचे पैसे वळचण रुंद करण्यात घाला, जास्त उपयोगी पडतील.

नमुना घ्या आणि काट्यावर ठेवा

पत्रा ०.५ लिहून ०.३५ चा देणं आणि फोमची घनता ४० सांगून ३० ची भरणं, या दोन युक्त्या इतक्या रुळल्या आहेत की त्यांना कोणी फसवणूक म्हणतही नाही. डोळ्यांना दोन्ही कळत नाहीत, तराजूला कळतात. १० सेंमी बाय १० सेंमीचा तुकडा कापून मागा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. ५० मिमी जाडी, दोन्ही बाजूंना ०.५ चा पत्रा, ४० ची घनता असेल तर तुकडा ९० ते ९८ ग्रॅम भरतो. दोन पत्र्यांचे ७५ ग्रॅमच्या आसपास आणि फोमचे २० असा हिशेब. पंचाहत्तर ग्रॅम भरला तर पत्रा ०.३५ चा आहे असं समजा. पत्रे सोलून फक्त फोम तोलला तर घनताही वेगळी कळते: २० ग्रॅम म्हणजे ४०, १५ ग्रॅम म्हणजे ३०.

सोलताना आणखी एक गोष्ट दिसते. पत्रा फोमचा थर सोबत घेऊन निघाला तर पकड चांगली आहे. स्वच्छ, चकचकीत निघाला तर दोन उन्हाळ्यांत पॅनेलला फुगे येणार, विशेषतः गडद रंगाला. म्हणून बाहेरून पांढरा किंवा ऑफ-व्हाइटच घ्यावा. चॉकलेटी आणि करडा फोटोत छान दिसतो, पण उन्हात हात ठेववत नाही इतका तापतो आणि आतला गार पत्रा नि बाहेरचा तापलेला यांच्या ओढाताणीत पॅनेल कमानीसारखं वाकतं.

पत्र्याला कसलं कवच आहे हेही विचारा. साधा गॅल्व्हनाइज्ड आणि गॅल्व्हल्यूम यांत फरक आहे. दुसऱ्यात ५५ टक्के ॲल्युमिनियम आणि उरलेलं बहुतांश जस्त असतं, आणि खाडीच्या हवेत तोच जास्त टिकतो. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत खाडीकडेची वस्ती असेल, किंवा वारा तळोजा एमआयडीसीकडून येत असेल, तर एझेड-१५० चं (चौरस मीटरला १५० ग्रॅम) कवच आणि वर पीव्हीडीएफ (जास्त टिकाऊ प्रकारचा) रंग मागावा. घोडबंदरच्या डोंगराकडच्या बाजूला साधा पॉलिस्टर रंगही चालून जातो. पत्रा बनवणाऱ्या मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागितलं की अर्ध्या विक्रेत्यांचा सूर बदलतो. तेही एक परीक्षणच.

किती माल लागतो

उदाहरणाला बाहेरून ४ मीटर बाय ३ मीटरची खोली धरू, म्हणजे साधारण १३ बाय १० फूट. हे माप घेण्यामागे दोन कारणं. पॅनेल मीटरच्या पटीत असल्यानं कोपऱ्यांवरचं सोडलं तर एकही उभं चिरावं लागत नाही. आणि ३-४ च्या खोलीचा कर्ण नेमका ५ मीटर येतो, त्यामुळे खोली गुण्यात (कोपरे काटकोनात) आहे की नाही हे मिस्त्रीच्या शब्दावर सोडावं लागत नाही. दोन्ही कर्णांत ५-६ मिमीपेक्षा जास्त फरक निघाला तर तिथेच काम थांबवा. विटेच्या भिंतीत तिरकेपणा प्लास्टर पोटात घेतं. पॅनेलमध्ये तो शेवटच्या सांध्यात बोटभर फट होऊन दिसतो.

लांब भिंत पूर्व-पश्चिम ठेवा. उत्तरेची भिंत २.७ मीटर उंच, दक्षिणेची २.४, म्हणजे छताला १० ला १ असा उतार मिळतो. भिंतींना १४ पॅनेल लागतात: चार २.४ मीटरची, दहा २.७ ची, त्यांतली बाजूची सहा वर तिरकी कापायची. छताला मोजून चार पुरतात, पण पाच घ्या. दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मीटर वळचण मिळते आणि ३.६ मीटर लांबीचं पॅनेल घेतलं की दक्षिणेला नि उत्तरेलाही छत बाहेर येतं. कोकणातल्या जुन्या घरांची वळचण उगाच खाली आणि रुंद नव्हती. पावसाची झड भिंतीवर पोचूच नये, हा त्यातला मुद्दा, आणि पॅनेलच्या भिंतीला तो विटेच्या भिंतीपेक्षा जास्त लागू पडतो. एकूण माल साडेचोपन्न चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५९० चौरस फूट.

भिंतीचं एक पॅनेल २५-२७ किलोचं, छताचं ४० च्या आसपास. दोघे-तिघे उचलून गल्लीतून आणू शकतात. गाडी मात्र १४ फुटी आयशर लागते. छोट्या टेम्पोत पॅनेलचं टोक बाहेर लोंबतं आणि गतिरोधकावर पत्रा दुमडतो. घोडबंदरवर दिवसा अवजड वाहनांना निर्बंध असतात, तेव्हा माल रात्री किंवा पहाटे येणार हे धरून चाला.

जोतं आणि तळाचं चॅनेल

पाणी जिथून आत येतं त्या जागांत तळाची कड पहिल्या नंबरावर आहे. छत दुसऱ्या. लोक उलट समजतात.

नेहमीची पद्धत अशी: स्लॅब सपाट घालायचा, वर यू-चॅनेल (इंग्रजी यू आकाराची पत्र्याची पट्टी) आपटायचं, त्यात पॅनेल उभं करायचं, बाहेरून सिलिकॉनची रेघ ओढायची, झालं. आता पाऊस लागल्यावर काय होतं ते बघा. भिंतीवरून उतरलेलं पाणी सरळ चॅनेलच्या बाहेरच्या कानावर येतं. सिलिकॉन उन्हानं सुटलं की ते चॅनेलमध्ये जमतं. चॅनेल भरलं की पाणी आतल्या बाजूनं किंवा स्क्रूच्या भोकांतून खाली उतरून फरशीखालून खोलीत येतं. घरमालकाला दिसते ती भिंतीच्या पायथ्याशी ओल, आणि मिस्त्री बाहेरून आणखी सिलिकॉन फासतो. त्यानं पाणी आत अडकतं, बाहेर जात नाही. दुसऱ्या पावसाळ्यात पॅनेलची खालची कड गंजून फुगलेली असते.

बरोबर पद्धत कठीण नाही, फक्त स्लॅब टाकण्याआधी ठरवावी लागते. स्लॅबच्या चारही कडांना पॅनेलच्या जाडीपेक्षा थोडी रुंद, म्हणजे ७५ मिमी रुंद आणि ३० ते ४० मिमी खोल पायरी ठेवायची. चॅनेल त्या पायरीवर बसतं, आतली फरशी त्याच्यापेक्षा वर राहते, आणि पाण्याला चढून यावं लागतं. चॅनेलखाली आधी पत्र्याचं बेस फ्लॅशिंग (पाणी बाहेर वळवणारी वाकवलेली पट्टी), त्याचं नाक जोत्याच्या बाहेर २५ मिमी खाली वळवलेलं, म्हणजे पागोळ्या जोत्यावरून न ओघळता सुट्या खाली पडतात. फ्लॅशिंग नि स्लॅबमध्ये ब्यूटाइल टेपच्या (चिकट रबरी पट्टीच्या) दोन समांतर ओळी. ८ मिमीचे अँकर ४५० ते ६०० मिमी अंतरावर. चॅनेलचा बाहेरचा कान आतल्यापेक्षा आखूड, आणि त्यात दर अर्ध्या मीटरला ६ मिमीचं भोक, चुकून शिरलेलं पाणी निघून जायला. ही भोकं कोणी सिलिकॉननं बुजवू नयेत म्हणून मिस्त्रीला दोनदा सांगा. पॅनेल थेट चॅनेलच्या तळाला न टेकवता ५ मिमीच्या प्लॅस्टिकच्या पॅकिंगवर उभं करा. कापलेली कड पाण्यात उभी राहिली नाही तर गंज लागायला जागाच उरत नाही.

आणि भिंतीच्या पायथ्याशी सिमेंटचा वाटा (कोपऱ्यातली उतरती पट्टी) मारू देऊ नका. गवंड्याला ती सवयच असते. ओल्या सिमेंटचा क्षार गॅल्व्हल्यूमचं कवच खातो आणि जिथे पाणी अडू नये तिथेच अडतं. याच कारणानं स्लॅबला निदान दोन आठवडे पाणी मारून नि सुकवून मगच चॅनेल ठोकावं.

स्लॅब १०० मिमीचा, एम-२० प्रतीचं काँक्रीट, ८ मिमीच्या सळया दोन्ही दिशांना २०० मिमीवर. १.२ घनमीटर काँक्रीट, सुमारे १० गोण्या सिमेंट, ५० किलो सळई. खाली मुरूम ठोकून, सोलिंग (दगडांचा थर), पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) आणि २०० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद. कागद विसरला तर पावसाळाभर फरशी घामेजलेली राहते. जोतं बाजूच्या जमिनीपेक्षा ३० सेंमी तरी वर, सखल भागात ४५. परदेशी व्हिडिओंत जमिनीखालीही फोम घालतात. तो इथे वाया. आपल्याकडे जमीन हवेपेक्षा गार असते आणि तो गारवा आपल्याला हवाच आहे.

वाऱ्याचं गणित

"पॅनेल स्वतःच उभं राहतं, फ्रेमची गरज नाही," असं सांगणारे भेटतील. वजन पेलण्यापुरतं ते खरंही आहे. पण हलक्या खोलीचा शत्रू वरून येणारं वजन नाही, खालून उचलणारा वारा आहे. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला ११८ किलोच्या घरात येतो. आपल्या छताचं क्षेत्र १८ चौरस मीटर. आकार, उंची, आडोसा यांचे गुणक लावून आकडा वर-खाली होईल, पण ढोबळमानानं वर ओढणारा जोर दोन टनांचा आणि छताचं स्वतःचं वजन दोनशे किलो. जून २०२० मधलं निसर्ग आणि मे २०२१ मधलं तौक्ते, दोन्ही वादळांनंतर पत्र्याची छपरं का सापडत नव्हती, ते या दोन आकड्यांत आहे.

स्लॅब तीन टनांचा आहे, तेव्हा खोलीला धरून ठेवायला वजन पुरेसं आहे. फक्त छतापासून स्लॅबपर्यंतची साखळी कुठे तुटता कामा नये. ६० बाय ६० बाय ३ मिमीच्या चौकोनी पाइपचे सहा खांब, चार कोपऱ्यांना आणि दोन लांब भिंतींच्या मध्यावर. प्रत्येकाखाली १५० बाय १५० बाय ८ ची प्लेट आणि १२ मिमीचे चार बोल्ट, काँक्रीट ओतण्याआधी सळयांना बांधलेले. वर पर्लिनच्या (छत पेलणाऱ्या आडव्या पोलादी दांड्यांच्या) तीन ओळी, बाजूच्या वळचणीखाली ४५० मिमी बाहेर काढलेल्या. पेव्हर ब्लॉकवर नुसती ठेवलेली पोर्टेबल केबिन बघितली की हे सगळं अती वाटतं. पण त्या केबिनला पोलादी तळ असतो आणि तिचं वजनही वेगळं.

फ्रेमचं वेल्डिंग पूर्ण होऊन, घासून, झिंक-इपॉक्सी प्रायमर आणि दोन हात रंग झाल्याशिवाय पॅनेल आवारात आणूच नका. नुसत्या रेड ऑक्साइडवर खाडीकाठी एक पावसाळा निघतो. पाइपांची तोंडं झाकून घ्या, ते आतून गंजतात. पॅनेल लागल्यावर "एवढा एक टाका मारतो" म्हणणाऱ्या वेल्डरला हात जोडा. ठिणगी रंग जाळते, आणि उघड्या फोमवर पडली तर आग लागते.

छत

भिंतीचं सपाट पॅनेल छताला लावणं ही सर्रास चालणारी काटकसर आहे. छताच्या पॅनेलला उंचवटे असतात आणि एका पॅनेलचा उंचवटा दुसऱ्याच्या उंचवट्यावर चढतो, त्यामुळे सांधा पाण्याच्या पातळीच्या वर राहतो. सपाट पॅनेलचा सांधा वाहत्या पाण्यातच असतो. तिथे सिलिकॉन किती का ओता. कोटेशनमध्ये "रूफ पॅनेल" हा शब्द वेगळा आहे का ते बघा.

आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येचा. म्हणून पहिलं पॅनेल पूर्वेच्या कडेला ठेवायचं आणि पश्चिमेकडे सरकत जायचं, म्हणजे चढलेल्या कडेचं तोंड वाऱ्याकडे पाठ करून राहतं. चढवण्याआधी सांध्यात ब्यूटाइल टेप. नंतर वरून रेघ ओढणं म्हणजे नुसतं समाधान. लांबीत जोड नको, ३.६ मीटर एकसंधच मागवा.

खालच्या टोकाला खालचा पत्रा आणि फोम ५० मिमी मागे कापून वरचा पत्रा पन्हळीत लोंबता ठेवायचा. हे केलं नाही तर पाणी कडेला वळून फोमच्या बाजूनं परत भिंतीकडे येतं. वरच्या टोकाला पत्र्याची कड वर वळवून, उंचवट्यांखाली फोमचे फिलर भरून, २०० मिमी रुंद फ्लॅशिंग. फिलर नसले तर झडीचं पाणी शिरतं, आणि ते आलं नाही तरी गांधीलमाश्या येतात.

१८ चौरस मीटर छतावर तासाला १०० मिमी पाऊस म्हणजे मिनिटाला ३० लिटर पाणी. ७५ मिमीचा पाइप ते वाहून नेतो, पण आंब्याचं एक पान त्याला पुरतं. ११० मिमीचाच लावा.

स्क्रू उंचवट्याच्या माथ्यावर, दरीत नाही. पॅनेल ५० आणि उंचवटा ३० धरून पर्लिनमध्ये शिरायला १०० ते ११५ मिमी लांबी लागते. प्रत्येक पर्लिनवर पॅनेलमागे किमान तीन, कडेच्या पॅनेलांना प्रत्येक उंचवट्यावर. ८० नग मागवा. खाली ईपीडीएम रबराचा वॉशर असतो. तो किंचित फुगला की थांबायचं. इम्पॅक्ट ड्रायव्हरनं दाबून त्याचा चपटा पापड केला की एका उन्हाळ्यात तडकतो. स्क्रू साध्या जस्ताचा नको, क्लास-३ चं गंजरोधक कोटिंग तरी हवं आणि खाडीकाठी क्लास-४. पंधरा वर्षं टिकणारा पत्रा दोन वर्षांत गंजणाऱ्या स्क्रूनं अडकवणं ही आपली खास शैली आहे.

कापणं नि चिकटवणं

ग्राइंडर बंद. त्याच्या गरम चकतीनं कडेचा रंग नि जस्त जळतं आणि उडालेला लोखंडी कीस आजूबाजूच्या पॅनेलवर चिकटून पहिल्याच दमट रात्री तांबडे ठिपके देतो. लोक त्याला "पॅनेल गंजलं" म्हणतात. जिगसॉ किंवा पत्रा थंड कापणारी गोल करवत वापरावी, कीस त्याच दिवशी मऊ ब्रशनं झाडावा, कापलेल्या कडेला झिंकचा रंग लावावा. वरची संरक्षक फिल्म बसवताना लगेच काढा. उन्हात महिनाभर राहिली की ती पापुद्र्यापापुद्र्यानं निघते किंवा निघतच नाही.

सिलिकॉन न्यूट्रल क्युअर हवं. स्वस्त नळीतल्याला व्हिनेगरसारखा वास येतो. त्यातलं आम्ल जस्ताला खातं. वास घ्या, डबा वाचायची गरज नाही.

परदेशी व्हिडिओ बघून काम करणाऱ्यांची अजून एक फसगत बाष्पाची. थंड देशांत ओलावा आतून बाहेर जातो, म्हणून ते आतला सांधा बंद करतात. ठाण्यात जुलैत बाहेरच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो आणि आत एसी बावीसवर. बाष्प बाहेरून आत ढकललं जातं. तेव्हा आधी बाहेरचा सांधा हवाबंद करा, नाहीतर सांध्यात शिरलेली दमट हवा गार पत्र्याला लागून आत घाम धरते आणि पाणी नेमकं कुठून येतंय हे कोणालाच सापडत नाही. गळती समजून छत उकरलं जातं. कोरड्या दिवशीही, एसी चालू असतानाच ओल दिसत असेल तर तो पाऊस नाही, घाम आहे. एसी २५-२६ वर ठेवला तरी बराच फरक पडतो.

खिडक्या, एसी आणि वीज

सगळ्या भिंती नि छत मिळून दुपारी तीनेकशे वॅट उष्णता आत सोडतात. १.२ मीटर चौरस, बिनपडद्याची एक पश्चिमेची खिडकी कलत्या उन्हात एकटी पाचशेच्या वर सोडते. म्हणून खिडक्या उत्तरेला, दार पूर्वेला, पश्चिमेची भिंत कोरी. झडही त्याच बाजूनं येते, हा दुसरा फायदा. एवढ्या खोलीला एक टनाचा इन्व्हर्टर एसी भरपूर. मात्र पॅनेलला विटेसारखं वस्तुमान नाही. एसी बंद केला आणि उन्हं खिडकीतून येत असली की खोली अर्ध्या तासात तापते. दोन उघडता येणाऱ्या खिडक्या आणि एक एक्झॉस्ट पंखा हवाच.

खिडकीसाठी पॅनेल कापलं की त्याची ताकद जाते. भोकाभोवती पाइपची चौकट, वर पागोळीचं फ्लॅशिंग आणि खाली बाहेर उतरता सिल. एसीचा आतला भाग, टीव्ही, पुस्तकांची फळी कुठे येणार ते आधी ठरवून तिथे फ्रेमला आडवी पट्टी मारून घ्या. अर्ध्या मिमीच्या पत्र्यात स्क्रू वजन धरत नाही, भरलेली फळी रात्रीतून खाली येते.

वायर पॅनेलच्या पोटातून नेण्याचा हट्ट सोडा. वरून पीव्हीसी पाइप चांगला. सगळी खोली धातूची आहे, म्हणून फ्रेम आणि पॅनेल दोन्ही अर्थिंगला जोडलेले आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच), यात तडजोड नाही. ओल्या अंगणात अनवाणी पायांनी दाराच्या चौकटीला हात लागतो, हे डोळ्यांपुढे ठेवा.

पफ जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. पत्रा आगीला उशीर लावतो, अडवत नाही. स्विचबॉक्ससाठी कापलेली कड उघडी ठेवू नका; गॅसची शेगडी या खोलीत नकोच. स्वयंपाक, वेल्डिंग, रंगकाम असला वापर असेल तर रॉकवूलचं (दगडी लोकरीचं) पॅनेल घ्या. ते जड, महाग आणि उष्णतेला थोडं कमी, पण जळत नाही आणि आवाजही बरा अडवतं. पफच्या खोलीत तबला वाजला तर शेजाऱ्यांना ताल मोजता येतो. थर्माकोलचं पॅनेल सर्वांत स्वस्त. त्याला तीच ऊब अडवायला दीड-पावणेदोन पट जाडी लागते आणि उन्हाच्या उष्णतेत ते लवकर मऊ पडतं. साठवणीच्या खोलीला ठीक, बसायच्या खोलीला नको. उघडी कड कुठेही राहिली तर घूस आणि मुंग्या तिन्हींत घर करतात.

येऊरच्या बाजूला माकडं छतावर उड्या मारतात. ०.५ च्या पत्र्याला पोचे पडतात, गळत मात्र नाही. नारळाखाली खोली बांधू नका, एवढंच.

परवानगी आणि कोटेशन

"हे टेम्पररी आहे, परवानगी लागत नाही," हे वाक्य विक्रेत्याचं आहे, महापालिकेचं नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये बांधकाम विटेचं की पत्र्याचं यावर सूट मिळत नाही. विनापरवाना काम असेल तर कलम ५३ ची नोटीस येऊ शकते. रो-हाऊसमध्ये मोकळी दिसणारी जागा बहुधा सामासिक अंतराची (इमारतीभोवती नियमानं मोकळी सोडलेली) असते. आधी आर्किटेक्टकडून मंजूर नकाशा तपासून घ्या, सोसायटीचं ना हरकत पत्र वेगळं. खाडीलगत सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) आणि येऊरला राष्ट्रीय उद्यानाभोवतीचा इको-सेन्सिटिव्ह झोन, दोन्हीकडे प्रकरण आणखी कडक.

पॅनेलचा दर पोलादाबरोबर सारखा हलतो, तेव्हा दोन कोटेशनं चौरस फुटाच्या दरावर तोलण्यात अर्थ नाही. खरा खेळ "ॲक्सेसरीज एक्स्ट्रा" या दोन शब्दांत असतो. आपल्या खोलीला तळ, कोपरे, छताच्या कडा आणि पन्हळ मिळून ६५ ते ७० मीटर फ्लॅशिंग लागतं, दार-खिडक्यांचं वेगळं. हे रनिंग मीटरनं, पत्र्याच्या जाडीसकट लिहून घ्या. स्क्रूचा क्लास, टेप, सीलंट, उतरवणी, १८ टक्के जीएसटी आत की बाहेर, तेही. ज्याचा चौरस फुटाचा दर सर्वांत कमी, त्याचं अंतिम बिल बहुतेक वेळा मधल्याच्या वर जातं.

काम दिवाळीनंतर काढा, एप्रिलपर्यंत आटपा. मग पाण्याची चाचणी: नळीचा फवारा आधी तळाच्या चॅनेलवर दहा मिनिटं, मग खिडक्यांच्या सिलवर, मग सांध्यांवर, सर्वांत शेवटी छतावर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि चोर सापडत नाही. प्रत्येक टप्प्याला एक जण आत टॉर्च घेऊन उभा हवा. आणि दहा टक्के पैसे जुलैच्या मध्यापर्यंत हातात ठेवायचे, हे कोटेशनवरच लिहून सही घ्यायची. विक्रेता तयार होत नसेल तर त्याला तळाच्या चॅनेलबद्दल विचारा, कारण त्याला काम येतं की नाही ते तिथेच कळेल.